सीट निवडताना गाडी बघायची की पिट वॉल?

शेवटचीलॅप

फॉर्म्युला वनचा २०२५चा हंगाम संपला. फेरारीच्या शार्ल लेक्लेरच्या नावापुढे हंगामअखेरचे एकूण आकडे आहेत २७ पोल (रेसला पहिल्या जागेवरून सुरुवात) आणि ८ विजय. हे दोन आकडे शेजारी शेजारी दिसले की माझ्या पोटात तुटतं. शनिवारी सगळ्यांच्या पुढे गाडी लावणारा माणूस रविवारी इतक्या वेळा मागे का पडतो? कधी इंजिन गेलं, कधी तो स्वतः चुकला, हे मान्य. पण कितीतरी वेळा रेस त्याच्या हातात होती आणि पिट वॉलवरून, म्हणजे टीमचे डावपेच ठरवणारे लोक ट्रॅकशेजारी बसतात तिथून, आलेल्या एका वाक्याने ती गेली.

माझं म्हणणं असं आहे. ड्रायव्हर टीम बदलतो तेव्हा पुढची गाडी किती वेगवान असेल याचा अंदाज बांधत असतो, आणि तो अंदाज आजवर कुणालाही धडपणे बांधता आलेला नाही. उलट, रेस चालू असताना एखाद्या टीमला डोकं शांत ठेवून निर्णय घेता येतात का, हे सगळ्यांना दर पंधरवड्याला दिसत असतं. मग सीट निवडताना तेच का बघू नये? लेक्लेरने २०२२ नंतर फेरारी सोडण्याच्या तयारीला लागायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

२०२२ आठवा. पहिल्या तीन रेसनंतर लेक्लेर ७१ गुणांवर आणि रेड बुलचा वर्स्टापेन २५वर. मग मे महिन्यात मोनाको आलं, लेक्लेरचं स्वतःचं गाव. पोल त्याचाच. ओल्या ट्रॅकवर तो पुढे होता. रेड बुलचाच पेरेझ आधी इंटरमिजिएट (कमी ओल्या ट्रॅकसाठीच्या) टायरवर गेला आणि भराभर वेळ कमवू लागला. फेरारीने लेक्लेरला दोन लॅप (फेऱ्या) उशिरा आत घेतलं, तिथेच पहिली जागा गेली. त्यानंतर तीनच लॅपनी त्याला सहकारी सायन्झच्या पाठोपाठ पुन्हा आत बोलावलं, आणि गाडी पिट लेनमध्ये वळल्यावर रेडिओवर सांगितलं की बाहेरच राहा. वरातीमागून घोडं! शेवटी चौथा आला, तेही अशा ट्रॅकवर जिथे पुढच्याला ओलांडायला जागाच नाही.

जुलैत सिल्व्हरस्टोन. ओकॉनची गाडी बंद पडली आणि सेफ्टी कार आली. सेफ्टी कारमागे सगळेच सावकाश चालतात, त्यामुळे टायर बदलायला जो वेळ एरवी जातो तो बराच वाचतो. सायन्झला आत घेतलं, नवे सॉफ्ट (वेगवान, पण लवकर झिजणारे) टायर दिले. पुढे असलेल्या लेक्लेरला जुन्या हार्डवर बाहेर ठेवलं. सायन्झ आयुष्यातली पहिली रेस जिंकला, लेक्लेर पुन्हा चौथा. महिनाअखेरीस हंगेरी. लेक्लेर मीडियमवर पहिला होता. वर्स्टापेन थांबला म्हणून घाईने लेक्लेरलाही आत घेतलं आणि हार्ड टायर चढवले. हार्ड चालत नाहीत हे अल्पीन टीमच्या गाड्यांनी त्याच रेसमध्ये सगळ्यांना दाखवलेलं होतं. पहिला होता तो सहावा आला, आणि दहाव्या जागेवरून सुटलेला वर्स्टापेन जिंकला.

हे एका वर्षाचं असतं तर मी दुर्दैव म्हटलं असतं. पण २०१०ची अबूधाबी आठवते ना? शेवटची रेस, फेरारीचा अलोन्सो २४६ गुण, रेड बुलचे वेबर २३८ आणि वेटेल २३१. वेटेल जिंकला तरी अलोन्सोला चौथी जागा पुरत होती, आणि सुरुवातीनंतर तो चौथाच होता. वेबर लवकर थांबला म्हणून फेरारीने वेबरवर डोळा ठेवून अलोन्सोला आत घेतलं. बाहेर आला तो पेट्रोव्हच्या रेनोमागे. पेट्रोव्ह पहिल्याच लॅपच्या सेफ्टी कारमध्ये थांबून मोकळा झाला होता, त्याला पुन्हा आत जायचंच नव्हतं. तेव्हा डीआरएस (पुढच्याच्या एका सेकंदाच्या आत असलं की मागचा पंख उघडून वेग वाढवणारी सोय) नव्हतं, आणि त्या ट्रॅकवर रेनो सरळ रस्त्यावर जोरात पळत होती. अलोन्सो उरलेली रेस तिच्या मागच्या पंखाकडे बघत सातवा आला. विजेतेपद चार गुणांनी वेटेलकडे गेलं. एका माणसाला अडवण्याच्या नादात दुसरा, जो प्रत्यक्षात पहिला पळत होता, तो नजरेआड झाला.

आता हॅमिल्टनकडे बघा, तो तेव्हा मॅक्लारेनमध्ये होता. २०१२ची मॅक्लारेन ही त्या वर्षातली बहुधा सर्वात वेगवान गाडी. पण बहारीनमध्ये पिट स्टॉप फसले, स्पेनला टाकीत इंधन कमी घातल्यामुळे पोल गेला आणि शेवटून सुरुवात करावी लागली, सिंगापूरला पुढे असताना गिअरबॉक्स गेला. सिंगापूरनंतर आठवडाही झाला नाही तोच त्याने मर्सिडीजला जात असल्याचं जाहीर केलं. पुनरागमनानंतर त्या टीमने तोवर एकच रेस जिंकली होती. लोकांनी वेड्यात काढलं. पुढे तिथे सहा विजेतेपदं मिळाली. वेगवान गाडी सोडून तो नीट चालणाऱ्या टीमकडे गेला, मी त्याचा अर्थ असा लावतो.

आकडेमोड

साफ असहमत. तुमच्या भावना पोचल्या, पण आकड्यांना भावना नसतात.

२०२२ला वर्स्टापेन ४५४, लेक्लेर ३०८. फरक १४६. आता तुम्ही सांगितलेल्या तिन्ही रेस लेक्लेर जिंकला असता असं धरू. मोनाकोत चौथ्या जागेच्या १२ ऐवजी विजयाचे २५, म्हणजे १३. सिल्व्हरस्टोनला तेच, १३. हंगेरीत ८ ऐवजी २५, म्हणजे १७, आणि वर्स्टापेन दुसरा आला असता तर त्याचे ७ कमी. सगळे मिळून ५०.

आता इंजिन. बार्सेलोना आणि बाकू, दोन्हीकडे लेक्लेर पहिला असताना गाडी बंद पडली आणि दोन्हीकडे वर्स्टापेन जिंकला. प्रत्येकी ३२ (२५ अधिक ७) गुणांचा फरक, एकूण ६४. आणि फ्रान्समध्ये पॉल रिकार्डला लेक्लेर पहिला असताना स्वतः भिंतीवर गेला, तिथेही वर्स्टापेन जिंकला. आणखी ३२.

५० अधिक ६४ अधिक ३२. बेरीज १४६.

मी ही बेरीज पहिल्यांदा केली तेव्हा दोनदा तपासली. म्हणजे पिट वॉलच्या चुका, इंजिनं आणि त्याची स्वतःची चूक, सगळं पुसून टाकलं तरी लेक्लेर जेमतेम बरोबरीत येतो. पिट वॉलचा वाटा त्यात साधारण एक तृतीयांश. शिवाय आपलं नुकसान मोजायचं आणि समोरच्याचं सोडून द्यायचं, हा हिशेब खरा नव्हे. तुम्ही ज्या ७१ विरुद्ध २५ने सुरुवात केलीत, ती आघाडी आली कुठून? बहारीन आणि ऑस्ट्रेलियात वर्स्टापेन दुसऱ्या जागेवर असताना रेड बुल बंद पडली. ते ३६ गुणही हिशेबात घ्या.

रेड बुलने त्या वर्षी डावपेचात मात दिली हे खरं आहे. पण डावपेच खेळायला मोकळीक लागते, आणि ती मोकळीक वेगातून येते. वर्स्टापेन हंगेरीत मधेच गिरकी खाऊनही जिंकला. ज्याच्याकडे प्रत्येक लॅपला तीन दशांश जास्त आहेत त्याची चूक दहा लॅपमध्ये भरून निघते. ज्याच्याकडे नाहीत त्याची चूक ठळक बातमी होते.

हॅमिल्टनचा अर्थही तुम्ही सोयीने लावलात. २०१४ला इंजिनाचे नियम बदलणार होते आणि मर्सिडीज स्वतः इंजिन बनवत होती, मॅक्लारेन ते विकत घेत होती. तो चांगल्या पिट वॉलकडे गेला असं म्हणण्यापेक्षा चांगल्या इंजिनाच्या घरी गेला म्हणा. आणि नीट चालणारी टीम म्हणताय ती मर्सिडीज? २०२०च्या साखीर रेसमध्ये रसेल पहिला असताना त्याच्या गाडीला सहकारी बोटासचे टायर चढवणारी टीम हीच. २०२१ला हंगेरीत पाऊस थांबला, बाकी झाडून सगळे कोरड्या टायरसाठी आत गेले आणि हॅमिल्टन एकटा ग्रिडवर (सुरुवातीच्या रांगेत) इंटरमिजिएटवर उभा राहिला, ती टीमही हीच. घरोघरी मातीच्या चुली.

आणि शेवटचा प्रश्न: २०२२ नंतर लेक्लेरने जायचं कुठे होतं? रेड बुलमध्ये वर्स्टापेन, मर्सिडीजमध्ये हॅमिल्टन आणि रसेल. मॅक्लारेन म्हणाल, तर २०२३च्या पहिल्या रेसमध्ये नॉरिस सतरावा आला होता आणि पियास्त्रीची गाडी पूर्ण रेसही चालली नव्हती.

ओलाट्रॅक

तुम्ही दोघंही ड्रायव्हरला मागच्या सीटवरचा प्रवासी समजताय, आणि मला तेच खटकतं.

त्याच मोनाकोत, त्याच टीममध्ये, त्याच पिट वॉलच्या हाताखाली सायन्झ दुसरा आला. त्याने इंटरमिजिएट घ्यायला नकार दिला. ट्रॅक सुकतोय, पावसाळी टायरवरून थेट कोरड्या टायरवर जाऊ, मधला थांबा नको, हे त्याने गाडीतून सांगितलं आणि लावून धरलं. सिल्व्हरस्टोनला सेफ्टी कार आत जाताना टीमने त्याला लेक्लेरपासून दहा गाड्यांचं अंतर ठेवायला सांगितलं. तो म्हणाला, नवीन काहीतरी शोधून काढणं थांबवा, माझ्यावरही मागून दबाव आहे. आणि जिंकला.

२०२३चं सिंगापूर तर माझ्या मते गेल्या काही वर्षांतली सर्वात डोकेबाज रेस आहे. सायन्झ पहिला, नॉरिस दुसरा, मागून रसेल आणि हॅमिल्टन ताज्या मीडियमवर झेपावत येत होते. सायन्झने मुद्दाम वेग कमी केला, नॉरिसला आपल्या एका सेकंदाच्या आत ठेवलं, म्हणजे नॉरिसला डीआरएस मिळत राहील आणि तो मर्सिडीजना थोपवून धरेल. स्वतःच्या पाठलाग करणाऱ्यालाच त्याने ढाल बनवलं. ही कल्पना पिट वॉलची नव्हती, त्याची होती. रेड बुल त्या वर्षी जी एकच रेस हरली ती ही.

लेक्लेर वेगाने सायन्झच्या पुढे आहे, याबद्दल मला शंका नाही. पण हंगेरीत त्याला मीडियमवर आणखी थांबायचं होतं, मग थांबला का नाही? "आत ये" हा आदेश असतो, पण तो मोडता येतो, आणि मोठे ड्रायव्हर योग्य वेळी तो मोडतात. बटनने २०१०ला ऑस्ट्रेलियात ट्रॅक ओला असतानाच स्वतः ठरवून कोरडे टायर घेतले आणि मॅक्लारेनसाठीची आपली पहिली रेस जिंकली. टीम बदलून हे येत नाही. लेक्लेर जिथे जाईल तिथे तो आज्ञाधारकच राहील.

शेवटचीलॅप

ओलाट्रॅक, सिंगापूरबद्दल तुम्ही लिहिलेला शब्द न् शब्द मान्य. पण आज्ञाधारक हा शब्द मला लागला. गाडीत बसलेल्या माणसाला आरसे आणि समोरचं वळण दिसतं. कोण किती लॅप जुन्या टायरवर आहे, कोण थांबून झालाय, आपण बाहेर पडल्यावर कुणाच्या मागे अडकू, हे भिंतीवरच्या लोकांना दिसतं, आणि कारखान्यात बसलेल्या आणखी डझनभर लोकांना दिसतं. २०१०ला अलोन्सोला कसं कळणार होतं की पेट्रोव्ह पहिल्याच लॅपला थांबलाय? ज्याच्याकडे माहिती आहे त्याने निर्णय घ्यावा, ड्रायव्हरने गाडी चालवावी. प्रत्येक आदेश तपासून बघावा लागत असेल तर ती त्याची उणीव म्हणायची की त्यांची?

आणि सायन्झला या हुशारीचं फळ काय मिळालं? २०२४च्या १ फेब्रुवारीला, हंगाम सुरू व्हायच्या आधीच, त्याची सीट हॅमिल्टनला दिल्याचं जाहीर झालं. मार्चमध्ये अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन आठवड्यांनी तो ऑस्ट्रेलिया जिंकला, पुढे मेक्सिकोही. तरी रेड बुल किंवा मर्सिडीज, कुणीही दार उघडलं नाही. विल्यम्सला जावं लागलं. २०२५ला तिथे त्याने बाकू आणि कतारला पोडियम मिळवला. ज्या टीमला त्याने स्वतःपासून वाचवलं, तिने त्याला ठेवलं नाही, हे मला आजही पचत नाही.

जुनापॅडॉक

मी या खेळाच्या इतिहासात रमणारा माणूस आहे. तुमचा वाद वाचताना मला एमर्सन फिटिपाल्डी आठवत राहिला. १९७२ आणि १९७४चा विश्वविजेता. १९७६साठी त्याने मॅक्लारेन सोडली आणि भाऊ विल्सनच्या कोपरसुकार टीममध्ये गेला. त्याच वर्षी, त्याने रिकाम्या केलेल्या सीटवर बसून जेम्स हंट विश्वविजेता झाला. फिटिपाल्डी १९८०पर्यंत फॉर्म्युला वनमध्ये होता, पुन्हा एकही रेस जिंकला नाही. इथे पिट वॉल, इंजिन, कुठलाच हिशेब नव्हता. घरची टीम उभी करायची होती. त्या निर्णयाला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पुढे अमेरिकेत जाऊन त्याने इंडियानापोलिस ५०० दोनदा जिंकली, १९८९ आणि १९९३ला.

जॅक विल्नवने १९९७चं विजेतेपद मिळवलं आणि १९९९ला नव्याकोऱ्या बीएआर टीममध्ये गेला. त्या टीमला सबंध हंगामात एकही गुण मिळाला नाही, पहिल्या अकरा रेसमध्ये त्याने शेवटची रेषाच पाहिली नाही. तोही पुन्हा जिंकला नाही. उलट बटन: २००८ला होंडात वर्षभरात त्याचे ३ गुण, डिसेंबरमध्ये होंडाने गाशा गुंडाळला, सीट राहील की नाही माहीत नाही. तो थांबला. रॉस ब्रॉनने टीम घेतली आणि २००९च्या पहिल्या सातपैकी सहा रेस बटनने जिंकल्या. यातलं कुठलं शहाणपण आणि कुठला योगायोग, हे आधी कोण सांगू शकलं असतं?

पण शेवटचीलॅप यांच्या मूळ प्रश्नाला माझ्याकडे एक वेगळं उत्तर आहे. चांगली पिट वॉल शोधायला बाहेर जावं लागत नाही, ती आपल्या टीममध्ये आणता येते. शूमाखर १९९६ला फेरारीत गेला तेव्हा ती टीम गोंधळलेली होती, १९७९च्या शेक्टरनंतर तिचा एकही ड्रायव्हर विश्वविजेता झालेला नव्हता. वर्षभरात त्याच्या आधीच्या बेनेटन टीममधले रॉस ब्रॉन आणि रोरी बर्न त्याच्या मागोमाग आले. १९९८ची हंगेरी पाहिली नसेल तर जरूर पाहा. मॅक्लारेन पुढे, ओलांडता येत नाही. ब्रॉनने रेसच्या मध्यावर दोन थांब्यांचे तीन केले आणि शूमाखरला सांगितलं, १९ लॅपमध्ये २५ सेकंद काढ. ते मागणं वेडेपणाचं होतं, आणि त्याने ते पुरं केलं. कागदावरची योजना कितीही चांगली असो, ती अमलात आणणारे हात आणि ती आखणारं डोकं यांचा एकमेकांवर विश्वास लागतो. तो बसायला त्यांना तीन वर्षं लागली होती, बेनेटनपासून धरलं तर आणखी जास्त. विजेतेपद आलं २०००ला, पाचव्या हंगामात.

लेक्लेरनेही हेच केलंय असं मला वाटतं. २०२२ संपताना टीमप्रमुख बिनोट्टो गेले, वासूर आले. लेक्लेरच्या पहिल्या, सौबर टीममधल्या हंगामात टीमप्रमुख वासूरच होते. त्यानंतर २०२४ची इटलीतली मोंझा आठवा. मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या दोनदा थांबल्या, फेरारीने लेक्लेरला एकाच थांब्यावर शेवटपर्यंत नेलं आणि तो फेरारीच्या घरच्या प्रेक्षकांसमोर जिंकला. त्या वर्षी टीमचं विजेतेपद १४ गुणांनी हुकलं, ६६६ विरुद्ध ६५२. तुम्ही ज्या पिट वॉलपासून त्याला पळायला सांगताय ती पिट वॉल आता राहिलेली नाही.

मागचीरांग

मला या सगळ्यात एक गोष्ट खुपते. आपण विश्वविजेत्यांबद्दल बोलतोय, ज्यांना निवड करता येते. २०२५पर्यंत ग्रिडवर २० सीट होत्या, २०२६पासून कॅडिलॅक या नव्या टीममुळे २२. बहुतेकांना जी मिळेल ती घ्यावी लागते. लॉसनला रेड बुलची सीट २०२५ला मिळाली आणि दोन रेसनंतर काढून घेतली. तो काय पिट वॉल बघून निवड करणार?

शिवाय करारांच्या बाबतीत टीम ज्या चुका करतात त्या टायरच्या चुकांपेक्षा मोठ्या असतात, त्यांच्यावर कुणी बोलत नाही. २०२२चा ऑगस्ट बघा. वेटेलने जुलैअखेर निवृत्ती जाहीर केली होती, आणि हंगेरीची रेस संपल्याच्या दुसऱ्या दिवशी अल्पीनचा अलोन्सो त्याच्या जागी अॅस्टन मार्टिनला जात असल्याचं कळलं. अल्पीनने दुसऱ्या दिवशी घाईने पियास्त्रीचं नाव घोषित केलं. काही तासांत पियास्त्रीने जाहीरपणे सांगितलं, मी अल्पीनसाठी चालवणार नाही. कराराचा वाद पाहणाऱ्या मंडळाने सप्टेंबरमध्ये निकाल पियास्त्रीशी करार केलेल्या मॅक्लारेनच्या बाजूने दिला. स्वतः वाढवलेला मुलगा, त्याच्या चाचण्यांवर पैसा ओतलेला, आणि कागदावर पक्की सही नाही. एका आठवड्यात दोन ड्रायव्हर गेले. पियास्त्री २०२५ला ऑगस्टअखेर ३४ गुणांनी विश्वविजेतेपदाच्या शर्यतीत पुढे होता. शेवटी तिसरा आला, पण अल्पीन त्याच वर्षी तळाला होती. एखादा हार्ड टायर चुकला तर एक रेस जाते. ही चूक अल्पीनला दहा वर्षं पुरेल.

आकडेमोड

मागचीरांग, मुद्दा पटला. मी तो धागा पुढे नेतो, कारण २०२५नेच मूळ दाव्याला उत्तर दिलंय.

त्या वर्षीची कतारची रेस ५७ लॅपची, आणि तिथे टायरच्या सुरक्षिततेसाठी नियम होता की एक संच २५ लॅपपेक्षा जास्त वापरायचा नाही. सातव्या लॅपला सेफ्टी कार आली. ५७मधून ७ गेले ५०, म्हणजे बरोबर दोन संच. थांबायला त्याहून चांगला क्षण असूच शकत नव्हता. जवळपास सगळे थांबले. मॅक्लारेनने पहिल्या जागेवरचा पियास्त्री आणि त्याच्यासोबत नॉरिस, दोघांनाही बाहेर ठेवलं. वर्स्टापेन जिंकला, पियास्त्री दुसरा, नॉरिस चौथा. त्याआधीच्या लास व्हेगासला गाडीखालची फळी जास्त झिजली म्हणून दोन्ही मॅक्लारेन बाद झाल्या होत्या. सलग दोन आठवडे टीमने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला.

आणि तरी विश्वविजेता कोण? नॉरिस, ४२३. वर्स्टापेन ४२१. ज्या टीमने असे निर्णय घेतले तिचाच ड्रायव्हर जिंकला, कारण गाडी वर्षभर पुढे होती. तुमच्या कसोटीने कुणी मॅक्लारेन निवडली असती का? २०२४ला सिल्व्हरस्टोनला नॉरिसच्या हातची रेस टायरच्या निवडीत गेली होती, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. कसोटी लावली असती तर त्याने सोडायला हवं होतं.

दुसरं, निकालावरून निर्णय मोजू नका. २०२१ची अबूधाबी. ५८पैकी ५३व्या लॅपला लतिफी आदळला, सेफ्टी कार आली. हॅमिल्टन पहिला. मर्सिडीजने त्याला थांबवलं असतं तर वर्स्टापेन बाहेर राहून पुढे गेला असता, आणि रेस सेफ्टी कारमागेच संपली असती तर विजेतेपद आपण होऊन दिल्यासारखं झालं असतं. बाहेर ठेवण्याचा निर्णय बरोबर होता. पुढे शेवटच्या लॅपला रेस पुन्हा सुरू झाली आणि ताज्या टायरवरच्या वर्स्टापेनने त्याला ओलांडून विजेतेपद नेलं. कतारचा निर्णय चुकीचा होता आणि नॉरिस विजेता झाला, अबूधाबीचा बरोबर होता आणि हॅमिल्टन हरला.

शेवटचीलॅप

आकडेमोड, तुमची १४६ची बेरीज मीही काल रात्री बसून करून पाहिली. बरोबर आहे. त्याबद्दल वाद नाही.

पण दोन गुणांनी मिळालेलं विजेतेपद तुम्ही माझ्या विरोधात कसं वापरता? वर्स्टापेनची रेड बुल ऑगस्टअखेर शंभरहून जास्त गुणांनी मागे होती. तो तिथून दोन गुणांवर आला. त्यातला किती भाग मॅक्लारेनने स्वतः दिला ते तुम्हीच वर लिहिलंय. सर्वात वेगवान गाडी असून नॉरिसला शेवटच्या रेसपर्यंत झोप लागली नसेल. आणि पियास्त्री? ३४ गुणांची आघाडी घेऊन बसलेला तो मुलगा तिसरा झाला. त्याच्या स्वतःच्या चुका झाल्या, बाकूला भिंतीवर गेला, मान्य. पण कतारला पोलवरून सुटून पुढे असताना जे झालं ते त्याच्या हातात नव्हतं.

जुनापॅडॉक यांचा मुद्दा मात्र मला हलवून गेला. पिट वॉल आणता येते, हे मी विचारात घेतलंच नव्हतं. फक्त आज ते तितकं सोपं आहे का? खर्चाला मर्यादा आहे, चांगला इंजिनिअर दुसऱ्या टीममधून घ्यायचा तर तो अनेक महिने घरी बसून मगच रुजू होतो. वासूर आले, मोंझा झाली. तरी २०२५ला मायामीत काय झालं पाहा. हॅमिल्टन मीडियमवर, लेक्लेर त्याच्या पुढे हार्डवर, जागा बदलायची की नाही हे ठरवायला भिंतीवरच्यांनी इतका वेळ घेतला की हॅमिल्टनच्या टायरचा जोर ओसरला. लेक्लेर सातवा, हॅमिल्टन आठवा. सात वेळच्या विश्वविजेत्याला पूर्ण वर्षात ग्रांप्रीचा एकही पोडियम नाही. तो ज्या आशेने तिथे गेला ती आशा मलाही होती.

ओलाट्रॅक

मायामीत ते दोघं सातव्या आणि आठव्या जागेसाठी भांडत होते, हे विसरू नका. जागा दोन लॅप आधी बदलली असती तर फार तर सहावा. तिथे गाडीच कमी पडत होती, त्यात आकडेमोड यांची बाजू मला जास्त खरी वाटते.

आणि आज्ञाधारक शब्द लागला असेल तर मागे घेतो. मला म्हणायचं होतं ते वेगळं आहे. २०२५च्या हंगेरीत लेक्लेर पोलवरून सुटला, दोन थांब्यांपर्यंत पुढे होता, आणि शेवटच्या टप्प्यात गाडी अचानक मंदावून चौथा आला. तेव्हा रेडिओवर तो चिडला. तो चिडलेला ऐकून मला बरं वाटलं. टीमकडे मागणी करणारा लेक्लेर मला २०२२लाच हवा होता.

जुनापॅडॉक

चिडून नंतर त्याने सांगितलं की बिघाड गाडीच्या सांगाड्यात होता, आणि आधी बोललेलं मागे घेतलं. तो मोठेपणा मला जास्त आवडला.

शेवटचीलॅप, शूमाखरलाही पाच वर्षं लागली आणि त्यातली चार लोक हेच विचारत होते की हा बेनेटन सोडून आलाच कशाला. १९९९ला सिल्व्हरस्टोनला पाय मोडला. तरी तो थांबला. लेक्लेर फेरारीत २०१९पासून आहे. सात हंगाम. २०२६ला इंजिनाचे नियम मुळापासून बदलतायत, जवळपास निम्मी ताकद विजेवरून येणार आहे. या वळणावर सोडून जायचं की थांबायचं हे त्याच्याशिवाय कुणी ठरवू नये.

आकडेमोड

मी थांबेन म्हणतो. २०१४ला नियम बदलले तेव्हा आदल्या वर्षीच्या गाड्यांवरून ज्यांनी अंदाज बांधले त्यांचे सगळे चुकले. अलोन्सोने २०१४ संपल्यावर फेरारी सोडली, मॅक्लारेन-होंडात गेला, आगीतून फुफाट्यात. २०१५ला मॅक्लारेनला सबंध वर्षात २७ गुण, आणि त्याच्या जुन्या सीटवर बसलेल्या वेटेलने त्याच वर्षी तीन रेस जिंकल्या. आणि ज्या टीमने त्याला तेव्हा पोळलं, तीच दहा वर्षांनी, २०२५ला, विश्वविजेती झाली.

पण शेवटचीलॅप, एक कबुली देतो. मोनाको गोंधळ होता, समजू शकतो. सिल्व्हरस्टोनला दोन गाड्या जवळ होत्या, एकीला निवडावं लागलं, तेही समजू शकतो. हंगेरीचे हार्ड टायर मी आज पुन्हा लॅपच्या वेळा लावून पाहिले. लेक्लेर मीडियमच्या दोन संचांवर चालला होता, दुसरा प्रकार वापरणं नियमाने भाग होतं, म्हणून सॉफ्ट किंवा हार्ड यातून निवड होती. आणखी बारा-पंधरा लॅप थांबून सॉफ्ट घेता आले असते. सायन्झला त्याच भिंतीने तेच करू दिलं. लेक्लेरला का नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

शेवटचीलॅप

मलाही तेवढंच विचारायचं होतं.